साठचा बल्ब

"बल्ब ऊन आहे."

मालक आमच्या स्टुलावर उभे होते. उजवा हात वर, तळवा बल्बवर. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. डाव्या हातात पितळी वाटी, तिच्यात तांदळाची कांजी. खाली माझे बाबा स्टूल धरून उभे. त्यांचं तोंड मालकांच्या गुडघ्यापाशी. नुकतंच उजाडत होतं.

"उजाडायच्या आधी जाळलात की नाही, रावजी?"

"थोडा वेळ. अभ्यास करत होतो."

"अभ्यास? पोरीचा की तुमचा?"

"माझा. खात्याची परीक्षा आहे."

मालक हसले. "सरी. शिका, शिका. पण नियम अस्क्यांना एकच." सरी म्हणजे बरं, अस्के म्हणजे सगळे. ते तंजावरकडचं जुनं मराठी बोलत. "दिवा संध्याकाळी सहा ते नऊ. आणि स्टूल नीट धरा हो. मी पडलो तर तोही खर्च पाचांत वाटावा लागेल."

बाबाही हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं. बाबा घरात कधीच तसं हसत नसत.

मी अकरा-बारा वर्षांची होते. दाराआड उभी. माझ्या पोटात गोळा आला होता, पण तो अपमानाचा नव्हता. अपमान मला पुष्कळ नंतर कळला. तेव्हा नुसती भीती होती. आता बाबा काही बोलतील. मग मालक काही विचारतील. मग सगळं बाहेर येईल.

आई नेहमी म्हणायची, "भांडण झालं की कूळ निघतं." म्हणून आमच्या घरात कोणीच कोणाशी भांडत नसे.

मद्रासमधलं वेस्ट मांबलम. पुढे मालकांचं घर, मागे अंगण, अंगणात विहीर, आणि विहिरीच्या बाजूने ओळीने पाच पोर्शन. पोर्शन म्हणजे एक खोली, एक चूल, एक दिवा. सगळ्या पोर्शनांना मीटर एकच. तो मालकांच्या दिवाणखान्यात, लाकडी पेटीत, कुलूप लावून. विजेचं बिल आलं की त्याचे पाच वाटे व्हायचे. पाच भाडेकरू, पाच वाटे. मालकांकडे दोन पंखे होते, रेडिओ होता, प्रत्येक खोलीत दिवा होता. त्यांचा वाटा नाही. "मीटर माझ्या नावाचा, तार मी ओढली," ते म्हणायचे. विहिरीचा दोर झिजला की नव्या दोराचे पाच वाटे. त्याच दोराने मालकांची नारळाची झाडं रोज न्हायची. नारळ मात्र वाटले जायचे नाहीत.

प्रत्येक पोर्शनला पंचवीस वॉटचा एकच बल्ब. तो कोणी बदलू नये म्हणून मालक बल्ब आणि होल्डर यांच्या सांध्यावर कांजीने कागदाची पट्टी चिकटवायचे. वर मोडीत सही. त्यांच्या आजोबांपासून त्या घरात मोडी होती. दुसऱ्या कोणाला ती वाचता येत नसे, म्हणून तेच त्यांचं कुलूप. महिन्यातून एकदा, कधी दोनदा, पहाटे फेरी. पट्टी शाबूत आहे का. बल्ब ऊन आहे का.

आम्ही त्या घरात कसे आलो, हे आधी सांगायला हवं.

बाबांची बदली नगर जिल्ह्यातून मद्रासच्या लष्करी डेपोत झाली. डेपोतल्या हेडक्लार्कने बाबांच्या नावापुढे आपणहून "राव" लावलं. मराठी माणूस म्हणजे राव, एवढंच त्याला माहीत. बाबांनी खोडलं नाही. मग घर शोधणं सुरू झालं. ज्या दारावर भाड्याची पाटी, त्याच पाटीवर खाली लिहिलेलं: फक्त ब्राह्मणांना. दोन महिने आम्ही डेपोतल्या एका शिपायाच्या पडवीत काढले. एक दिवस मांबलम स्टेशनाबाहेर बाबा आईशी काहीतरी बोलत होते. एक गृहस्थ थांबले. कपाळावर गंध, खांद्यावर अंगवस्त्र.

"आपण मराठी?"

"हो."

"नाव?"

बाबांनी डेपोतलं नाव सांगितलं. शेवटी राव.

ते गृहस्थ म्हणजे आमचे मालक. त्यांचे डोळे भरून आले होते, हे खोटं नाही. त्यांच्या माहितीतले मद्रासमधले सगळे मराठी राव ब्राह्मणच. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज तंजावरला आले, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कुठल्या माणसाशी त्यांचा संबंधच आला नव्हता. आमचं आडनाव महाराष्ट्रातल्या कोणालाही एका क्षणात समजलं असतं. त्यांना नाही समजलं. त्यांनी विचारलं नाही. बाबांनी सांगितलं नाही.

आम्ही महार. बाबांनी धर्म बदलून पाच-सहा वर्षं झाली होती. ट्रंकेच्या तळाशी निळ्या कापडात गुंडाळलेला एक फोटो होता. गावी तो भिंतीवर होता. इथे आई वर्षातून एकदा दाराला कडी लावून तो बाहेर काढायची, पुसायची, आणि आम्ही हात जोडायचो. मग परत ट्रंकेत. मी शाळेतून येताना रोज आधी दाराकडे बघायचे. आई दारात दिसली की बरं वाटायचं. म्हणजे आज नाही. आज कोणाला कळलं नाही.

आमच्या शेजारी, अगदी शेवटच्या पोर्शनमध्ये, कनकम अक्का राहायची. नवऱ्याने टाकलेली. म्हाताऱ्या आईला घेऊन राहायची आणि पायाच्या मशीनवर ब्लाउज शिवायची. मला तामिळ अक्षरं तिने शिकवली. चुकलं की डोक्यात टिचकी मारायची आणि म्हणायची, "मराठी गाढवा, उलटं काढलंस." मी तिच्याकडे तासन्तास बसायचे. त्या सगळ्या अंगणात मला फक्त तिच्याकडे भीती वाटायची नाही.

आता बल्बचं.

बाबांना पंचवीसच्या उजेडात परीक्षेची पुस्तकं दिसेनात. डोळ्यांतून पाणी यायचं. ऊन बल्बच्या त्या सकाळनंतर चार-पाच दिवसांनी त्यांनी पिशवीतून साठचा बल्ब आणला. मालकांची पट्टी फाडून तो लावला. जुना पंचवीसचा कपाटावर ठेवला. आई म्हणाली, "अहो, पट्टी!"

पट्टी मी केली. वहीचा कागद, भाताची शितं, आणि सही. मला ती वाचता येत नव्हती. पण चित्र काढतात तशी काढता येत होती. हुबेहूब. बाबांनी ती बघितली आणि पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला. मी अशा आणखी चार पट्ट्या करून गणिताच्या पुस्तकात ठेवल्या. मला वाटलं, मी घर वाचवलं.

त्या महिन्यात बिल वाढून आलं. आमच्या बल्बने वाढलं की मालकांच्या नव्या इस्त्रीने, देव जाणे. पण मालकांनी अंगणात उभं राहून सांगितलं, "कोणीतरी चोरी करतंय. शोधतो."

पुढच्या रविवारी पहाटे बाबा दिवा लावून वाचत होते. पाण्याची आमची पाळी आली तशी दिवा घालवून आई-बाबा दोघं विहिरीवर गेले. अक्काही आपली कळशी घेऊन विहिरीवरच होती. मी एकटी. आणि पहिल्या पोर्शनमधून मालकांचा आवाज आला.

"स्टूल द्या."

मी स्टुलावर चढले. साठचा बल्ब उतरवायचा, पंचवीसचा लावायचा, नवी पट्टी चिकटवायची. एवढंच. बल्ब दाबला, फिरवला. तापलेला होता. तीन बोटं भाजली. मी ओरडले नाही. तो उशीवर टाकला. कपाटावरचा पंचवीसचा घेतला आणि भाजलेल्या बोटांतून तो निसटला. फरशीवर फुटला.

दुसऱ्या पोर्शनमध्ये स्टूल सरकल्याचा आवाज.

डोक्यात एकच चित्र होतं. आमची ट्रंक अंगणात उघडी पडली आहे, आणि मालक निळं कापड सोडत आहेत. मी काचा झाडूने चुलीमागे लोटल्या. साठचा बल्ब झग्यात गुंडाळला. आमचं स्टूल उचललं. अक्काचं दार नुसतं लोटलेलं होतं. तिची आई भिंतीकडे तोंड करून झोपलेली. मी चढले. पट्टी फाडली. तिचा पंचवीसचा काढला.

होल्डर रिकामा दिसला असता. म्हणून मी साठचा तिथे लावला.

हे वाक्य मी तीस वर्षं कुठेही बोलले नाही. लिहिलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही. लावताना मला काय वाटत होतं, तेही सांगते. मला वाटत होतं, अक्काला कोण काय बोलणार? ती तर इथलीच आहे. तिला जात लपवायची नाही.

मी परत आले. पंचवीसचा लावला, माझी पट्टी चिकटवली. मालक आले तेव्हा मी गणिताचं पुस्तक उघडून बसले होते. त्यांनी वर हात लावला. "गार," म्हणाले. पट्टीवरची आपली सही बघितली आणि माझ्याकडे बघून हसले. "शहाणी पोर."

मग ते शेजारी गेले.

अक्काला विहिरीवरून बोलावलं. हातात भरलेली कळशी तशीच. सगळी बिऱ्हाडं जमली. मालकांनी साठचा बल्ब काढून तिच्या डोळ्यांसमोर धरला. तामिळमध्ये विचारलं, "हा काय?"

"मला माहीत नाही, सामी. हा माझा नाही."

"तुझ्या घरात, तुझ्या छताला, आणि तुझा नाही?"

"कालपर्यंत नव्हता."

"पट्टी कोणी फाडली? माझ्या आजोबांनी?"

दोघं-तिघं हसले. मग मालकांनी ते वाक्य टाकलं. "ज्या घरात पुरुष नाही, त्या घरात एवढा उजेड लागतो कशाला?"

आता कोणी हसलं नाही. अक्काने कळशी खाली ठेवली. तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, एकेकाकडे. माझ्याजवळ आली तेव्हा नजर थांबली. माझा उजवा हात मी झग्याच्या घडीत धरला होता. ती त्या घडीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता. आता ती बोलणार.

तिने कळशी उचलली आणि ती आत गेली.

बाबा विहिरीपाशी उभे होते. त्यांनी बल्ब ओळखला. मग माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. घरी आल्यावर छताला पंचवीसचा बघून त्यांना जे राहिलं होतं तेही कळलं असणार. त्यांनी मला काही विचारलं नाही. आईने चुलीमागच्या काचा गोळा केल्या आणि राखेत पुरल्या. तिनेही नाही. त्या दिवशी आम्ही तिघं एकमेकांना पाठ करून जेवलो.

वाढलेलं सगळं बिल मालकांनी अक्काच्या वाट्याला लावलं. देईपर्यंत विहिरीचा दोर बंद. ती दोन गल्ल्या सोडून नळावरून पाणी आणायची.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तेव्हा ती दारात बसली होती. हातात शाईची दौत. तिने माझा हात ओढला, बोटं उघडली. तीन फोड. भाजल्यावर निळी शाई लावायची त्यांच्याकडे पद्धत होती. तिने कापसाच्या बोळ्याने एकेका बोटाला शाई लावली. काम नीट करणाऱ्या बाईसारखी, कडेकडेने.

"वलिक्कुदा?" म्हणाली. दुखतंय का?

मी म्हटलं, "नाही."

महिनाअखेर ती गेली. हातगाडीवर शिलाई मशीन, मशीनला टेकून म्हातारी. कुठे गेली ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

त्याच संध्याकाळी मालक आमच्या दारात आले. पहिल्यांदाच दाराबाहेर थांबून हाक मारली. त्यांच्या हातात ती पितळी वाटी होती.

"रावजी, मला गुडघ्याचं दुखणं. यापुढे अस्के पोर्शन तुम्हीच बघा. इतरांचा भरवसा नाही. जातीचं माणूस ते जातीचं माणूस. मला ठाऊक होतं, चोरी तुमच्या घरातून होणार नाही."

बाबांनी वाटी घेतली.

आता मी वाटी धरायचे आणि बाबा स्टुलावर चढायचे. मालक दारात उभे राहून विचारायचे, "ऊन की गार?" बाबा सांगायचे. आमच्या वाट्यात मालकांनी थोडी सूट दिली. आमच्या चुलीपर्यंत त्यांच्या घरचं लोणचं यायला लागलं. आईच्या घशाखाली ते उतरत नसे. भीती कमी व्हायला हवी होती. ती वाढली. आधी एकच गोष्ट लपवायची होती. आता दोन.

अक्काच्या पोर्शनमध्ये नवं जोडपं आलं. नवरा शाळेत मास्तर. बायकोला आठवा महिना. पुढच्या फेरीला बाबा तिथे गेले, मागे मी, दारात मालक. मास्तर घरात नव्हता. बाई घाबरून भिंतीला चिकटलेली. बाबा स्टुलावर चढले, आणि ती पोटुशी बाई पुढे आली, वाकली, आणि तिने दोन्ही हातांनी स्टूल धरलं.

बाबा म्हणाले, "धरू नका, बाई."

मालक म्हणाले, "धरू द्या हो. पडाल."

बाबांनी हात वर नेला. बल्बवर ठेवला. खाली ती बाई मान वर करून त्यांच्याकडे बघत होती.

"ऊन की गार?"

बाबांनी हात खाली घेतला.

"रावजी, ऊन की गार?"

बाबा खाली उतरले. आधी त्या बाईच्या हातातून स्टूल सोडवलं. मग मालकांसमोर जाऊन उभे राहिले. त्यांचा आवाज कापत होता. तो धीट आवाज नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. दात वाजत असताना माणूस बोलतो तसा होता.

"दिवा लावला की ऊन होणारच, मालक. मी यापुढे बघणार नाही. तुमचे पंखे आधी वाट्यात धरा."

"आपल्या माणसाने असं बोलायचं?"

"मी तुमच्यातला नाही. मी महार. आता बौद्ध. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. आज सांगतो."

मालकांनी बाबांकडे पाहिलं नाही. माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिलं. मग आपल्या तळव्याकडे. ज्या तळव्याने त्यांनी दोन वर्षं आमच्या छताला हात लावला होता.

"खाली ठेव ती," मला म्हणाले.

मी ठेवली. ती वाटी त्यांनी परत घरात नेली नाही. आम्ही सामान बांधत होतो तेव्हा कावळे तिच्यातली कांजी खात होते. दुपारच्या आत आमची वीज तोडली. संध्याकाळच्या आत आम्ही बाहेर. निघताना बघितलं, मालकांचा गडी विहिरीचा दोर कापत होता. नव्या दोराचे वाटे किती पडले, ते माहीत नाही.

स्टेशनकडे जाताना बाबांच्या डोक्यावर ट्रंक होती. ते म्हणाले, "आता भ्यायचं कारण नाही, बाळ." मी हो म्हटलं. थोडं चालल्यावर ते थांबले. "त्या बाईचं..." एवढंच म्हणाले. मग चालायला लागले. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही. मीही करू दिलं नाही.

मी शिकले. नोकरी केली. सभांना जायला लागले. लोक म्हणत, तुमचे अनुभव सांगा. मी हा अनुभव सांगायचे. स्टुलावरून उतरलेला बाप. कापणाऱ्या आवाजात स्वतःची जात सांगणारा बाप. लोक टाळ्या वाजवायचे, काही रडायचे. मी गोष्ट सुरू करायचे ती नेहमी वाटीपासून. बल्बपासून कधीच नाही. सांगून झालं की पाणी प्यायचे, आणि उजव्या हाताची बोटं पेल्याभोवती घट्ट धरायचे.

मागच्या महिन्यात अशाच एका सभेत कॉलेजातली एक मुलगी उठली. साधी शंका विचारावी तसं विचारलं, "पण मॅडम, पाच भाडेकरूंमधून मालकांनी वाटी तुमच्या वडिलांनाच का दिली?"

मी म्हटलं, "भाषा एक होती म्हणून."

ती खाली बसली. माझ्या पोटात तोच गोळा आला, अकराव्या वर्षीचा. घरी येईपर्यंत गेला नाही. अजून गेलेला नाही.

आज माझं स्वतःचं घर आहे. वरच्या खोलीत भाडेकरू आहे. तिचा मीटर तिच्या नावाचा, तिच्या दाराशी. लोकांना वाटतं, बाई फार न्यायी. मीटर वेगळा केला म्हणून माझं काही फिटलं नाही. मालकांनी आमच्यावर जे केलं, ते जातीने केलं. मी अक्कावर जे केलं, ते मालकांच्या जातीचा आडोसा घेऊन केलं. त्यांनी मला त्यांच्यातली समजून शहाणी म्हटलं, आणि मी ते घेतलं. बाबांनी आपली जात सांगितली. आमची चोरी सांगितली नाही. ती अर्धी कबुली होती. उरलेली अर्धी माझ्याकडे आहे.

कनकम अक्का आता असेल की नसेल, माहीत नाही. तिची माफी मागून मोकळं होण्याची सोय मला नको. ती कुणी मला देऊही नये.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सभा आहे. मी जाणार आहे. त्या मुलीला पुढच्या रांगेत बसायला सांगणार आहे. आणि स्टुलावरून उतरणाऱ्या बापाच्या आधी, टाळ्यांच्या आधी, उभं राहून पहिलं वाक्य हे बोलणार आहे: कनकम अक्काच्या घरात साठचा बल्ब मी लावला.